ड्रिलचा चक बदलायचा तर आधी आटे मोजा

भाऊ, ड्रिलचा चक घरी बदलता येतो की नवी मशीनच घ्यावी, असं विचारलंत, तर आधी थेट उत्तर देतो: चक, म्हणजे बिट (भोक पाडायची सळई) तीन जबड्यांत पकडणारं ड्रिलचं पुढचं तोंड, घरी बदलता येतो, मशीन भंगारात घालायचं काम नाही. तुमची १८ व्होल्टची बॅटरीवाली ड्रिल, ३ वर्षं वापरलेली, त्याला १३ एमएमचा बिनचावीचा, म्हणजे हातानं कडं पिळून कसायचा चक. कूलरच्या पत्र्यात भोक पाडताना बिट जागच्या जागी थांबतं आणि चक नुसता गरगर फिरतो, लाकडात भोक वाकडं जातं, चकाच्या आतला स्क्रू खोलायला गेलात तर तो हलेना, आणि दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. असंच लिहिलंय ना? दुकानदाराचं सोडा, त्याला मशीन विकायची आहे.

पण लगेच नवा चक आणायलाही धावू नका. माझ्याकडे एप्रिल लागला की कूलरच्या कामासोबत अशा दोन-चार ड्रिल दरवर्षी येतात, आणि त्यातले बरेच चक मेलेले नसतात, धुळीनं गुदमरलेले असतात. छताला भोक पाडताना सगळा चुरा सरळ चकाच्या तोंडात पडतो. वरून आपल्याकडची काळी माती, बंड्यात (शेतातल्या अवजारांच्या खोलीत) लटकवलेल्या मशीनवर बसलेले कापसाचे तंतू. हौसेनं कोणी तेल ओतलं असेल तर आत त्याचा लगदा होतो आणि जबडे अर्ध्यातच अडतात. म्हणून बॅटरी काढा, जबडे पूर्ण उघडा, चक जमिनीकडे तोंड करून धरा आणि जुन्या टूथब्रशनं आतून झाडा. सायकलच्या पंपानं हवा मारा. मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब टाकून वीसेक वेळा उघडझाप करा आणि वर आलेलं काळं तेल पुसून घ्या. एवढ्यानं पकड परत आली तर पैसे वाचले. पुढच्या वेळी छताला भोक पाडताना पोट्ट्यांचा फुटका रबरी चेंडू अर्धा कापून, मधून बिट घालून वाटीसारखा लावा. चुरा त्यात पडतो.

साफ करूनही बिट घसरत असेल तर दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं. वाकडं भोक चकामुळेच पडतं असं नाही. बिट आधी आरशाच्या काचेवर लोळवून पाहा. वाकलं असेल तर लोळताना उड्या मारतं. बिट सरळ असेल तर चक मुठीत धरून वर-खाली हलवा. किंचित लचक सगळ्याच ड्रिलमध्ये असते, पण ज्या दांड्यावर चक बसतो तो स्पिंडलच गिअरबॉक्समधून खडखड हलत असेल तर बेअरिंग गेलं, नवा चक घालून उपयोग नाही. स्पिंडल घट्ट असेल तर नव्या बिटाचा गुळगुळीत दांडा चकात पकडा, टोकाजवळ पेन्सिल टेकवून धरा आणि मशीन हळू फिरवा. बिट सोडून, थोडं फिरवून पुन्हा पकडा आणि परत पाहा. दर वेळी थरथर वेगळी येत असेल तर जबडे झिजले. जबडे तोंडाशी कर्ण्यासारखे पसरले की बिट आतल्या बाजूनं धरलं जातं आणि पुढून मोकळं राहतं.

आता तुमचा न हलणारा स्क्रू. तुम्ही तो नेहमीसारखा डावीकडे फिरवला असणार, म्हणजे खोलतोय समजून कसत होतात. या स्क्रूला उलटे आटे असतात. सायकलच्या डाव्या पॅडलला असतात तसेच. कारण असं की चक स्पिंडलवर साध्या, उजव्या आट्यानं चढतो. मशीन रिव्हर्समध्ये चालवली की चक आपसूक सुटायला बघतो. स्क्रू उलट्या आट्याचा असला म्हणजे सुटू पाहणारा चक त्याला कसतच नेतो. म्हणून समोरून बघताना तो घड्याळाच्या काट्यासारखा, उजवीकडे फिरवायचा. जबडे पूर्ण उघडून टॉर्च मारा, तळाशी त्याचं डोकं दिसेल, बहुतेक चौफुलीचं किंवा सहा पाकळ्यांच्या स्टारचं. खाचेत नेमकी बसणारी स्क्रू-ड्रायव्हरची बिट घ्या. एक नंबर लहान बिट घालून डोकं घासलं की पुढचं सगळं काम वाढतं.

कारखान्यात या स्क्रूला आटे जाम करणारं द्रव्य लावलेलं असतं. ते थंडपणी दाद देत नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर तीन-चार मिनिटं टेकवून ठेवा, मग लगेच बिट घालून मागून हातोडीचा एक हलका ठोका द्या आणि उजवीकडे जोर लावा. गॅसची ज्योत मात्र दाखवू नका. चक जळून गेला तरी चालेल, पण मागे गिअरबॉक्सचं प्लास्टिक आणि ग्रीस आहे.

डोकं तुटलंच तर घाबरू नका. माझ्याकडून पहिल्या वेळी तुटलंच होतं, उलटीकडे कसून. डोकं गेलं म्हणजे चकाला अडवणारं काही उरत नाही, चक तर निघतोच. उरलेला तुकडा स्पिंडलमध्ये राहतो. त्याच्या मधोमध पंच मारून शेजाऱ्याची ड्रिल मागून आणा आणि बारीक बिटानं भोक पाडायला लागा. साधं बिट उजवीकडे फिरतं आणि उलटा आटा उजवीकडेच सुटतो. बहुतेक वेळा बिट अडकलं की तुकडा स्वतःच फिरत बाहेर येतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी एकटाच बंड्यात हसत बसलो होतो.

स्क्रू निघाला की चक. इथे एलन की लागते, आठ-दहा एमएमची जाड. तिचा आखूड पाय चकात घट्ट पकडा. गिअर १ वर, क्लचचं कडं (चकामागचं आकड्यांचं कडं) ड्रिलच्या चिन्हावर, बॅटरी बाहेर. मशीन टेबलाच्या कडेला पोतं घालून आडवी ठेवा, चक तुमच्या तोंडाकडे आणि टेबलाबाहेर, मूठ डावीकडे. एलन कीचा लांब हातही डावीकडेच आडवा काढा. आता त्या हातावर वरून खाली, हातोडीचा एकच झटकेदार ठोका. मूठ टेबलावरच दाबली जाते, मशीन फिरत नाही, आणि चक सुटायच्या दिशेनं झटका बसतो. झटकाच हवा. पान्हा लावून हळूहळू वजन टाकत बसाल तर सगळा जोर स्पिंडलच्या लॉकवर आणि गिअरवर जातो, आणि तिथे काही तुटलं की दुकानदार खरा ठरतो. दोन-तीन ठोक्यांत चक हलला की पुढे हातानं फिरवून काढा. आणि मोटर चालू करून रिव्हर्सनं चक काढायचा जो व्हिडिओ फिरतोय, तो करू नका. एलन की हातातून सुटली तर मनगट जाईल.

नवा चक आणताना मी शहाणपणा केला होता तो सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. आपल्याकडे १३ एमएमच्या ड्रिलला बहुधा चार सुती म्हणजे अर्ध्या इंचाचा स्पिंडल असतो, इंचाला २० आटे. छोट्या १० एमएमच्या ड्रिलला तीन सुती म्हणजे ३/८ इंच, इंचाला २४ आटे. हे आकडे जुन्या चकाच्या अंगावर कोरलेले सापडतात. कोरलेलं घासलं असेल तर स्पिंडलला व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) लावा: अर्ध्या इंचाचा साधारण साडेबारा एमएम भरतो, ३/८ चा साडेनऊच्या आतबाहेर. पण काही स्वस्त मशीनला १२ एमएमचा स्पिंडल असतो, सव्वा एमएम पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). अर्ध्या इंचाच्या आट्यांचा पिच १.२७, याचा १.२५, डोळ्याला काही कळत नाही. माझ्या वायरवाल्या जुन्या मशीनला मी न मोजता चार सुतीचा चक आणला. तो लोण्यासारखा चढला, जरा ढिला वाटला, तर मी नळाला गुंडाळतो तशी टेफ्लॉन टेप गुंडाळली! कुंपणाच्या अँगलला तिसरंच भोक पाडत होतो, चक डुलायला लागला आणि आटे खाऊन हातात आला. लेथवाल्या काकाजींकडे नेला तर ते चष्मा वर करून म्हणाले, "हे चार सूत नोय बावा, बारा एमएम हाय. मापून पायत जा ना." म्हणून तालुक्याला जा नाहीतर नागपुरात इतवारीला, मशीन आणि जुना चक दोन्ही पिशवीत न्या आणि दुकानातच हातानं चढवून पाहा. बरोबर चक सगळे आटे न अडकता, न डुलता चढतो आणि खांद्याला टेकून थांबतो.

आणखी दोन गोष्टी तिथेच बघा. एक, चकाच्या तळाला आरपार भोक हवं, नाहीतर उलटा स्क्रू लावणार कुठून? रिव्हर्स नसलेल्या मशीनसाठीचे काही चक बिनभोकाचे येतात. दुसरं, हातानं पिळायचं एकच कडं असलेला चक हवा की दोन कड्यांचा. बॅटरी काढून चक हातानं फिरवून पाहा. स्पिंडल जागेवर अडतो, तर लॉक आहे, एका कड्याचा चालेल. मोकळा फिरत असेल तर दोन कड्यांचाच घ्या, एक हात मागच्या कड्यावर, एक पुढच्यावर.

तुमचं काम जास्त लोखंडाचं, अँगल, पत्रा, गेट असं असेल तर मी चावीवाला चक घाला म्हणेन. तो जुनाट वाटतो खरा. आर्थर जेकब्सनं अमेरिकेत त्याचं पेटंट १९०२ साली घेतलं होतं. पण घामेजल्या हातानं कडं कितीही पिळलं तरी चावीएवढी पकड बसत नाही, आणि मे महिन्यात दुपारी कूलरवर काम करताना हात कोरडा राहतो कोणाचा? चावी तीनही भोकांत फिरवून कसायची, एकाच भोकात नाही. ती हरवते, हा एकच त्रास. मी सुतळीनं मुठीला बांधतो आणि सुतळी इतकी आखूड ठेवतो की चावी चकातच राहून मशीन सुरू होऊ नये.

बसवायचं काम दहा मिनिटांचं. स्पिंडलचे आटे पुसा, चक हातानं शेवटपर्यंत चढवा, एलन की पकडून या वेळी उलट बाजूनं एक हलका ठोका. मग स्क्रूला आटे जाम करणारं ते द्रव्य, निळं थ्रेडलॉकर, एक थेंब आणि डावीकडे कसा. लाल नको, पुढच्या वेळी तुम्हालाच खोलायचं आहे.

जुनी बिटं नव्या चकात तशीच घालू नका. घसरून घसरून त्यांच्या दांड्यावर ओरखडे आणि कंगोरे आलेले असतात, ते नव्या जबड्यांना खातात. बारीक कानशीनं दांडा साफ करा. फारच खाल्लेला असेल तर ते बिट फेका. षटकोनी दांड्याची बिटं मिळाली तर घ्या, तीन जबडे तीन सपाट बाजूंवर बसतात आणि घसरणं जवळजवळ थांबतं. बिट पूर्ण आत घालून किंचित मागे ओढायचं, खाचा असलेल्या भागावर पकडायचं नाही, आणि कट-कट आवाज येणारा चक असेल तर आवाज आल्यावरही कसत राहायचं. चक हातात धरून बटन दाबून कसायची सवय असेल तर ती सोडा. निम्मे चक त्यातच जातात, आणि तळहाताची सालटी जातात ती वेगळी.

काही छोट्या मॉडेलमध्ये चक आणि स्पिंडल एकसंध असतात, आत स्क्रू दिसतच नाही. तुमच्यात स्क्रू आहे म्हणता, म्हणजे ती अडचण नाही. सोल्डरिंग आयर्न लावून उजवीकडे फिरवून बघा, आणि तरी हलला नाही तर डोक्याचा जवळून फोटो टाका.