मुलीच्या गुडघ्याची वाटी तीनदा सरकली. एमआरआयमध्ये टीटी-टीजी १४ मिमी आलं, सीटीत १९. खरं कुठलं मानायचं आणि ऑपरेशन करावं का?

दोन्ही खरी आहेत. टाळाटाळ करत नाहीये, खरंच दोन्ही खरी असू शकतात. मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यात सीटी-एमआरआयवर टेक्निशियन आहे, २२ वर्षं हेच करतोय. म्हणजे तुमच्या हातातले ते दोन आकडे ज्याच्या हातून निघतात आणि ज्याचं नाव रिपोर्टवर कधीच नसतं, तो माणूस.

टीटी-टीजी म्हणजे वाटी ज्या पन्हळीतून सरकते ती आणि वाटीखालचा कंडरा नडगीला जिथे लागतो तो उंचवटा, या दोघांमधलं आडवं अंतर; हे तुम्ही एव्हाना शोधून वाचलं असणार, जास्त खोलात जात नाही. फक्त ते कसं मोजतात ते बघा. मांडीच्या हाडाची पन्हळ जिथे नीट खोल दिसते ती एक स्लाइस घ्यायची, नडगीच्या वरचा उंचवटा जिथे दिसतो ती दुसरी घ्यायची, एकीवर दुसरी ठेवायची आणि आडवं अंतर मोजायचं. या दोन स्लाइसच्या मध्ये अख्खा सांधा आहे! सांधा हलला की आकडा हलणारच. गुडघा पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी बाहेरच्या बाजूला पिळते. नडगीबरोबर उंचवटा बाहेर जातो आणि अंतर वाढतं. गुडघा १५ अंश वाकला तरी हेच अंतर चार-पाच मिमीने सहज कमी भरतं. एमआरआयच्या कॉइलमध्ये, म्हणजे गुडघ्याभोवती लावतात त्या साच्यात, पाय थोडा वाकलेलाच बसतो, वर पेशंटने वीस-पंचवीस मिनिटं हलू नये म्हणून आम्हीच खाली स्पंज सरकवतो. सीटीत बहुतेकदा पाय सरळ असतो. तुमचा १४ आणि १९ चा फरक बहुधा एवढाच.

आता हे मी इतक्या ठासून का सांगतोय ते ऐका.

नोकरीला तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एक खो-खोची पोरगी आली होती, सतरा वर्षांची. चौकटीत बसलेली असताना खो मिळाला, उठली, पाय मातीत रुतलेला राहिला आणि अंग वळलं. तिथे पहिल्यांदा वाटी निसटली. आमच्याकडे आली तोवर चार वेळा झालं होतं. आईच्या हातात जुन्या प्लेटांची पिशवी. टेबलावर झोपवून म्हटलं, ताई, पाय सरळ कर. तिने माझं मनगटच धरलं. "नको दादा, निघंल." दुसऱ्या हाताचा तळवा वाटीच्या बाहेरच्या कडेवर दाबून धरलेला, बोटं पांढरी पडलेली. ज्याची वाटी निसटलेली असते त्याला सरळ गुडघ्याचीच भीती वाटते, कारण वाटी पन्हळीत नीट बसते ती गुडघा वाकल्यावर. हे मला तेव्हा पुस्तकातून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. मी गुडघ्याखाली जाड स्पंज सरकवला. पोरगी शांत झाली, स्कॅन झाला. टीटी-टीजी १५.

कन्सोलवरच्या स्काउटमध्ये, म्हणजे स्कॅनच्या सुरुवातीला बाजूने घेतात त्या साध्या चित्रात, गुडघा वाकलेला स्वच्छ दिसत होता. मी चिठ्ठीवर लिहून दिलं, "गुडघा अंदाजे १५ ते २० अंश वाकलेला", आणि आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांना म्हटलं, हे रिपोर्टात येऊ दे. सर म्हणाले, असलं काही लिहीत नसतात, पाठवणारा डॉक्टर म्हणेल तुमच्याकडे नीट काढताच येत नाही. चार मिलिमीटरने काय आभाळ कोसळतंय? मी गप्प बसलो. ते माझं चुकलं, आजही मान्य करतो. पोरगीला समजावून पाय सरळ करायला दहा मिनिटं लागली असती आणि बाहेर सहा पेशंट बसले होते.

रिपोर्टात नुसतं १५ गेलं. ऑपरेशनमध्ये आतल्या बाजूचा लिगामेंट तेवढा नवीन केला, अंतर जास्त असलं की नडगीच्या उंचवट्याचं हाड हलवतात, त्याला हात लावला नाही. चौदा महिन्यांनी एसटीतून उतरताना वाटी परत निसटली. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं, गुडघा पूर्ण सरळ. मी तिच्याशी बोलत बोलत पाय इंचाइंचाने खाली आणला, बाहेरून वाळूची पिशवी लावली, दोन्ही अंगठे मायक्रोपोर चिकटपट्टीने एकत्र बांधले. २१ आलं. सर माझ्या मागे उभे होते. तिच्या वडिलांनी विचारलं, मागच्या वेळी १५ कसं आलं? सर म्हणाले, टेक्निशियनने पोझिशन चुकवली होती.

चिठ्ठी फाइलला लावलेली होती. मी काढून दाखवली नाही. दाखवायला हवी होती.

तर तुमच्या प्रश्नाचं. ती २० मिमीची रेघ सगळे सांगतात ना, जिच्यावर गेलं की अंतर जास्त मानतात, ती फ्रान्समधल्या ल्यॉनच्या आंरी देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासातून रूढ झाली, आणि ती सीटीवरची आहे. तीच रेघ एमआरआयच्या आकड्याला लावणं म्हणजे शेराचं माप किलोत वाचण्यासारखं. आणि त्याच अभ्यासात वाटी निसटणाऱ्या गुडघ्यांपैकी २० किंवा जास्त होते ते ५६ टक्केच. बाकीच्यांची वाटी २० च्या आतच निसटत होती! उलट पन्हळ सपाट असल्याची खूण, जिला क्रॉसिंग साइन म्हणतात, ती ९६ टक्क्यांत होती. ती दिसते कशात? साध्या लॅटरल, म्हणजे बाजूने काढलेल्या एक्स-रेत. पण तो खरा लॅटरल पाहिजे, मागचे दोन्ही कॉन्डाइल, म्हणजे मांडीच्या हाडाची खालची गोल टोकं, तंतोतंत एकावर एक बसलेले. जरा तिरका गेला की ती खूण दिसेल तरी खोटी, नाहीतर लपेल. मी एकेक लॅटरल पुन्हा काढायचो तर मला नखरेवाला म्हणायचे. असो.

वाटीची उंचीही त्याच एक्स-रेवर मोजतात. केटन-देशां गुणोत्तर १.२ च्या वर गेलं की वाटी वर चढलेली, म्हणजे पन्हळीत उशिरा शिरणारी. स्कायलाइन, म्हणजे गुडघा वाकवून वाटी पन्हळीत कशी बसते ते दाखवणारा एक्स-रे, काढला असेल तर किती अंशांवर काढला ते विचारा. ४५ अंशांवर बऱ्याच वाट्या शहाण्यासारख्या जागेवर बसलेल्या दिसतात. मुलीचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. वाढ चालू असेल तर उंचवट्याचं हाड कापून हलवत नाहीत, तिथली वाढीची कूर्चा दुखावते, मग १४ की १९ हा वाद तूर्त तसाही बिनकामाचा. मांडीच्या हाडाचा पीळ तपासलाय का तेही विचारा, बरेच जण विसरतात.

ऑपरेशन करावं का, हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. आणि खो-खोवाल्या पोरीचं पहिलं ऑपरेशन त्या १५ मुळेच फसलं असंही म्हणत नाही. तिची पन्हळ मुळातच जवळजवळ सपाट होती, २१ लिहिलं असतं तरी पहिल्या सर्जनने तेच केलं असतं कदाचित. वाकलेल्या गुडघ्यावर मोजणं म्हणजे चूकच, असंही नाही. चूक आहे ती वाकलेला होता हे न लिहिण्यात.

तुम्ही एक करा. नुसत्या फिल्मवर समाधान मानू नका, दोन्ही तपासण्यांची सीडी मागून घ्या. सुरुवातीलाच बाजूने घेतलेलं स्काउट असतं, ते उघडा. गुडघा सरळ आहे की वाकलेला हे चौथीच्या पोरालाही दिसतं. ते सर्जनसमोर ठेवा, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्यांना म्हणा, पोझिशन लेखी द्या. आढेवेढे घेतील. घेऊ देत, मागा.

आणि सीटीच्या वेळी तुमच्या मुलीच्या गुडघ्याखाली कुणी स्पंज सरकवला होता का, तेवढं तिला विचारून खाली लिहा. सरकवला असेल तर १९ सुद्धा कमीच भरलंय.