डिझाइन पॉइंट लागतो, पण इंधन कमी केलं की मॉडेल अडतं

तुमचं जीएसपी या गॅस टर्बाइन सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल जे८५ या छोट्या जेट इंजिनाच्या आकाराच्या एका शाफ्टच्या टर्बोजेटचं आहे: हवा सेकंदाला २० किलो, कॉम्प्रेसरचं दाबगुणोत्तर (बाहेर पडतानाचा दाब भागिले आत येतानाचा) ७, टर्बाइनच्या तोंडाशी १२०० केल्विन. इंधन निम्मं केलं की ते कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे उत्तरावर स्थिरावत नाही, आणि झालंच तर कामाचा बिंदू सर्ज लाइनपलीकडे जातो (त्या रेषेपलीकडे कॉम्प्रेसरमधला प्रवाह कोसळतो). यासाठी सॉफ्टवेअर बदलू नका. त्याच कामाचं गॅसटर्ब घेतलं काय नि नासाचं टी-मॅट्स घेतलं काय, मुळातलं गणित तेच: प्रवाह जुळवा, शाफ्टवरची शक्ती जुळवा.

डिझाइन पॉइंट (ज्या स्थितीसाठी इंजिन आखलं ती) लागला म्हणजे मॉडेल बरोबर, असं नाही. तिथे मॅपची, म्हणजे वेगवेगळ्या वेगांना कॉम्प्रेसरचा प्रवाह, दाब आणि कार्यक्षमता दाखवणाऱ्या आलेखाची, परीक्षा होतच नाही, उलट मॅपच ताणून तुमच्या आकड्यांवर बसवला जातो. म्हणून आधी हाताने पडताळा. समुद्रसपाटीला, इंजिन जागेवर उभं, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ०.८४ धरली तर त्यानंतर सुमारे ५४३ केल्विन, शक्ती ५.१ मेगावॉट, टर्बाइननंतर ९८० केल्विन, इंधन सेकंदाला ०.३६ किलो यायला हवं. पाउंड-किलोची गल्लत असेल तर शक्ती आणि इंधन २.२ पटीने चुकतात, पण तापमानं बरोबर दिसतात. त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

खरी गोम मॅपमध्ये आहे. दाबाचा स्केलिंग फॅक्टर, म्हणजे मॅप किती ताणला किंवा आक्रसला ते, दोन्हीकडच्या दाबगुणोत्तरातून १ वजा करून भागाकाराने निघतो. उसना घेतलेला मॅप १३ दाबगुणोत्तराचा असेल तर तुमचा फॅक्टर ६ भागिले १२, म्हणजे ०.५. इतक्या आक्रसलेल्या मॅपच्या वेगरेषा आणि सर्ज लाइन तुमच्या कॉम्प्रेसरच्या राहत नाहीत. फॅक्टर १ च्या जवळ येईल असा मॅप शोधा. डिझाइन पॉइंट कोणत्या बीटा रेषेवर (मॅपवर वेगरेषांना छेदणाऱ्या मदतीच्या रेषा) ठेवलाय तेही बघा; तो सर्जला खेटून असेल तर पुढचं सगळं तसंच जाणार.

आणि एक गोष्ट: जे८५ मध्ये कमी वेगासाठी ब्लीड झडपा (कॉम्प्रेसरमधली थोडी हवा बाहेर सोडणाऱ्या) आणि वळणाऱ्या इनलेट गाइड वेन (तोंडाशी हवेला दिशा देणारी पाती) असतात. त्या मॉडेलमध्ये नसतील आणि कमी आरपीएमला रेषा सर्जमध्ये घुसत असेल, तर मॉडेल कदाचित खरंच सांगतंय.

कन्व्हर्जन्सचं सोपं आहे. समीकरणं सोडवणारी न्यूटन-रॅफसन पद्धत मागच्या उत्तरापासून पुढचा अंदाज बांधते, त्यामुळे इंधनाची ०.३६ वरून थेट ०.१८ ही उडी तिला झेपत नाही. ०.०१ च्या पायऱ्यांनी उतरा. नॉझलचं दाबगुणोत्तर डिझाइनला २.५ च्या आसपास असतं. उतरताना ते १.८५ च्या खाली गेलं की नॉझल चोक राहत नाही (चोक म्हणजे तिथे वायूचा वेग ध्वनीइतका होऊन प्रवाह कमाल मर्यादेला पोचलेला) आणि उताराचा कल एकदम बदलतो. तिथे पायरी ०.००५ करा. त्याही खाली अडलं तर मॅपची सर्वांत खालची वेगरेषा संपलेली असते. मॅपच्या बाहेर ताणलेल्या अंदाजावर (एक्स्ट्रापोलेशन) आयडलचे, म्हणजे इंजिन अगदी कमी वेगाने नुसतं चालू असतानाचे, निष्कर्ष काढू नका.

ट्रान्झिएंट, म्हणजे वेळेनुसार बदलणारी स्थिती, हे सगळं झाल्यावरच. इंधन एका झटक्यात वाढवलं तर रोटरच्या जडत्वामुळे वेग लगेच वाढत नाही, तापमान मात्र चढतं. टर्बाइन चोक असल्याने गरम वायू कमी मावतो, दाब चढतो आणि बिंदू सर्जकडे सरकतो. म्हणून इंधनाला कॉम्प्रेसरनंतरच्या दाबाच्या प्रमाणात मर्यादा घाला, आणि वेळेची पायरी ०.०५ सेकंदाहून मोठी ठेवू नका.