विचारा, सांगतो : मे महिन्यात घारापुरी

प्रश्न : आम्ही चोपड्याचे. आई (वय 67, बीपीची गोळी सुरू) आणि 10 वर्षांचा मुलगा यांना घेऊन मे महिन्यात घारापुरीची (एलिफंटाची) लेणी पाहायची आहेत. आमच्याकडे 44 अंशांत माणसं शेतात राबतात. मुंबईच्या 34 अंशांची काळजी करावी का?

उत्तर : करायलाच हवी, पण पाऱ्याची नाही, दमटपणाची. खान्देशातली हवा कोरडी. घाम येतो तसा सुकतो आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. ओलं उपरणं डोक्याला गुंडाळलं की गार वाटतं ते त्यामुळेच. समुद्रावर घाम नुसता निथळतो. अंग तापलेलंच राहतं, वर मीठ-पाणी जातं ते वेगळं. ओल्या उपरण्याचा तिथे फारसा उपयोग नाही. सैल सुती कपडे, टोपी, आणि तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला थोडं पाणी. 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण लक्षात ठेवा. मीठ वाढवू नका. आईंना मात्र हे पाणी डॉक्टरांना विचारूनच द्या. लघवी वाढवणारी गोळी असेल तर तेही विचारा.

जळगावहून रविवारी रात्री गाडीत बसू नका. सोमवारी लेणी बंद असतात, आणि लग्नं उरकून निघणारे नेमके इथेच फसतात. गेटवेहून सकाळी नऊच्या सुमारास लाँच सुरू होतात, साधारण तासाचा प्रवास. खालच्या मजल्यावर, सावलीत, इंजिनापासून दूर बसा, धुराने मळमळतं. पोट रिकामं नको, एखादी दशमी खाऊनच बसा. मुलाला लाइफ जाकीट घातल्यावर पट्टे आवळा आणि खांद्यापाशी धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून मागा. चढता-उतरता लाँच हलते, कधी एका लाँचमधून दुसरीत पाय टाकावा लागतो. आईंचा हात धरा, पिशवी दुसऱ्याकडे द्या. परतीचं तिकीट जपून ठेवा.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे. पुढे सुमारे 120 पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर डोली मिळते, भाव आधी ठरवा. खाण्याची पिशवी हातात लोंबती ठेवली की माकडं ओढतात; सगळं बंद सॅकमध्ये.

मुख्य लेण्यात उन्हातून गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. पाच मिनिटं बसा. मग समोरच्या अंधारातून सुमारे 20 फुटी त्रिमुख शिव हळूहळू उजळत येतो. त्यासाठी घाई नको.

प्रश्न : ‘एलिफंटा’ नावाचा हत्ती बेटावर कुठे आहे?

उत्तर : बेटावर नाही. पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून नाव दिलं तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत आहे.