‘त्यांना गुलाम का केले?’

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात दवाखान्यात समोर बसलेल्या एका आफ्रिकी बाईंकडे बोट दाखवून त्याने मोठ्याने विचारले, ‘आई, त्या एवढ्या काळ्या का आहेत?’ मी त्याचा हात खाली ओढला आणि त्याला गप्प केले. त्यानंतर दहा वर्षांच्या मुलीने गुलामगिरीबद्दल काहीतरी वाचून विचारले, ‘ती माणसे कमजोर होती म्हणून त्यांना गुलाम केले का?’ मला धड उत्तर देता आले नाही. एवढ्या लहान मुलांना हा इतिहास सांगावा का? सांगायचा तर किती?
– एक वाचक

उत्तर : तुम्ही गोंधळलात यात नवल नाही, पण मुलाला गप्प करण्याची गरज नव्हती. त्याने जे दिसले ते विचारले, त्यात अपमान करण्याचा हेतू नव्हता. हात खाली ओढला गेल्यावर मात्र काळा रंग ही बोलू नये अशी लाजिरवाणी गोष्ट आहे, एवढेच त्याच्या मनात राहिले असेल. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते, ते कडक उन्हापासून त्वचेचे रक्षण करते, आणि ज्यांचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या प्रखर उन्हाच्या प्रदेशात राहिले त्यांच्या त्वचेत ते जास्त असते, हे सात वर्षांच्या मुलाला सहज समजते. कोणाकडे बोट दाखवू नये, हे वेगळे सांगावे. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की मूल चुकीचीच गोष्ट लक्षात ठेवते.

मुलीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे द्यायला हवे. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या दरम्यान सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेण्यात आले आणि त्यांतली अठरा लाखांच्या आसपास माणसे वाटेतच मरण पावली. ती शेती, लोहारकाम, विणकाम जाणणारी माणसे होती. ऊस, तंबाखू आणि पुढे कापूस पिकवण्यासाठी मळेवाल्यांना फुकटचे श्रम हवे होते आणि हा नफा टिकावा म्हणून कायदे झाले. व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत १६६२ मध्ये असा कायदा केला गेला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईवरून ठरेल. म्हणजे गुलाम आईच्या पोटी आलेले बाळ जन्मतःच मालकाची मालमत्ता होई, मग बाप गोरा आणि स्वतंत्र का असेना. दहा वर्षांच्या मुलीला यातला अन्याय कळण्यासाठी वेगळे भाष्य लागत नाही. काळी माणसे मुळातच हलकी असतात हा सिद्धान्त अशा व्यवहाराचे समर्थन करण्यासाठी रचला आणि पसरवला गेला, हे तिला जरूर सांगा.

‘कमजोर’ या शब्दासाठी तिला कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशाची हकिकत सांगा. तिथल्या गुलाम केलेल्या लोकांनी १७९१ मध्ये उठाव केला, नेपोलियनने पाठवलेल्या सैन्याचा पराभव केला आणि १८०४ मध्ये स्वतःचा स्वतंत्र देश स्थापन केला. ‘गुलाम होते’ असे न म्हणता ‘गुलाम केले गेले’ असे म्हणत जा, म्हणजे कोणी केले हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

धाकट्यासाठी साखळदंडांची चित्रे नकोत. फटक्यांची वर्णनेही नकोत. या वयात त्यांनी फक्त भीती बसते. त्याला त्याच्याच वयाच्या मुलीची गोष्ट सांगा. १४ नोव्हेंबर १९६० रोजी अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी फक्त गोऱ्या मुलांसाठी असलेल्या शाळेत पहिल्यांदा गेली, तेव्हा तिच्या रक्षणासाठी सरकारचे मार्शल म्हणजे पोलिसांसारखे अधिकारी सोबत चालत होते आणि बाहेर ओरडणारा जमाव पाहून तिला वाटले की हा मार्डी ग्रास नावाचा उत्सवच आहे. गोऱ्या पालकांनी आपली मुले शाळेतून काढून नेली. बार्बरा हेन्री या एकट्या शिक्षिकेने तिला शिकवण्याची तयारी दाखवली, आणि वर्षभर त्या वर्गात एक बाई आणि एक विद्यार्थिनी, एवढीच दोघी होत्या. इथे थांबा आणि त्याला विचारू द्या. माझ्या अनुभवात मुले बहुधा विचारतात, ‘मग ती मधल्या सुट्टीत कोणाशी खेळायची?’, आणि त्या रिकाम्या वर्गाची कल्पना करता करता वंशभेद म्हणजे काय हे त्यांना उमगू लागते.

शेवटी ‘आता हे सगळे संपले’ असे सांगण्याचा मोह होईल, तो टाळा. रुबी ब्रिजेस यांचा जन्म १९५४ चा, म्हणजे त्या तुमच्या मुलांच्या आजीच्या वयाच्या आहेत, आणि तो जमाव जमवणाऱ्यांची मुले-नातवंडेही याच जगात आहेत. कायदे बदलले, तरी रंगावरून नोकरी नाकारणे, घर भाड्याने न देणे, संशयाने पाहणे अजून घडते. कदाचित मुलगी विचारेल, ‘आपणही कोणाच्या रंगावरून बोलतो का?’ तेव्हा विषय बदलू नका. घरात तसे बोलले गेले असेल तर कबूल करा.

आणि मुलाशी आजच बोला. ‘त्या दिवशी मी तुला गप्प केले, ते माझे चुकले, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी आता देते’, असे म्हणून सुरुवात करा.