सोलापुरात रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारला नवे टायर कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जुनी बीएमडब्ल्यू झेड-4 घेतली आहे, 2009 ते 2016 मधलं मॉडेल, 18 इंची रिमवालं. राहायला जुळे सोलापूर, रोज चिंचोली एमआयडीसीला जाणं-येणं, अधूनमधून पुणे. मागचे टायर संपलेत. परत रनफ्लॅटच (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर) घ्यायचे की साधे, दोनच बदलले तर चालतील का, आणि कोणत्या कंपनीचे घ्यायचे.

माझं व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन नीट बसवायचं काम आहे, त्यामुळे संपलेले आणि फुटलेले टायर रोज हाताखालून जातात. त्या जोरावर आधी माझं मत सांगतो, कारणं नंतर. रनफ्लॅट सोडा आणि चारही टायर साधे घ्या. टायर निवडताना ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागतो हे सगळ्यात आधी बघा, साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, किती टिकेल हे दुसरं. कोरड्या रस्त्यावरची पकड, किलोमीटर, आवाज, किंमत हे सगळं त्यानंतर.

सोलापूरचं नाव घेतलं की लोक म्हणतात, इथं पाऊस आहे कुठं, ओल्या रस्त्याचं काय घेऊन बसलात? पण पाऊस कमी पडतो म्हणूनच जास्त काळजी घ्यावी लागते. महिनोन् महिने रस्त्यावर धूळ, डिझेल, ऑइल साचत राहतं. पहिली सर आली की त्याचा बुळबुळीत थर होतो आणि तो धुऊन जायच्या आत पाऊस थांबतो. आपल्याकडचा मोठा पाऊस बराचसा सप्टेंबरात, आणि तोही तासाभरात रस्त्यावर पाणी उभं करणारा. त्यानंतर उसाचा हंगाम. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांना काळी माती चिकटून डांबरावर येते. ती वाळलेली असेपर्यंत काही वाटत नाही, पण पहाटेच्या दवानं किंवा अवकाळी शिडकाव्यानं भिजली की तिच्यावर मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी क्षणात फिरते. तुमच्या गाडीला ताकद मागच्याच चाकांना जाते. कोरड्या डांबरावर कुठलाही बरा टायर ती गाडी सांभाळेल. खरी परीक्षा पुणे रस्त्यावर बाळे गावाच्या पुढं समोरचा ट्रक अचानक थांबतो आणि रस्ता ओला असतो तेव्हा होते.

रुंद टायरची अडचण इथंच आहे. मागचा 255 मिलीमीटर रुंद टायर कोरड्यावर चिकटून बसतो, पण ओल्यावर त्याला तेवढ्याच रुंदीचं पाणी बाजूला सारावं लागतं. ते काम नक्षीतल्या खाचांचं. नव्या टायरला साधारण 7 ते 8 मिलीमीटर खोली असते. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात, ते 1.6 मिलीमीटरवर टायरच्या बरोबरीला येतात. बहुतेक लोक तिथपर्यंत वाट बघतात. तुमच्या गाडीसाठी मी 3 मिलीमीटरलाच बदला म्हणेन, कारण त्याखाली पाणी बाहेर फेकायची ताकद झपाट्यानं उतरते आणि गाडी पाण्यावर तरंगायला लागते.

ओल्यावरची पकड दुकानात उभं राहून कळत नाही. एक सोपा मार्ग आहे. जे टायर युरोपातही विकले जातात त्यांना तिथं लेबल लागतं आणि त्यात ओल्या पकडीला ए ते ई अशी श्रेणी असते. टायरचं नाव आणि माप टाकून नेटवर बघा आणि ए किंवा फार तर बी असलेलाच घ्या. टायरच्या अंगावर ट्रेडवेअर, म्हणजे नक्षी किती टिकेल याचा आकडाही कोरलेला असतो. 200 किंवा त्याखालचा टायर हा ट्रॅककडे झुकलेला, रोजच्या गाडीला लवकर संपणारा. 300 च्या आसपासचे टायर तुमच्यासाठी योग्य. 500 च्या पुढचे टायर चालतील खूप, पण ते शांत सेडान गाड्यांचे टायर आहेत. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एका कंपनीच्या दोन टायरांची तुलना त्यावरून करा, दोन वेगळ्या कंपन्यांची करू नका.

आता साईडवॉल. तुमच्या गाडीचं मूळ माप पुढं 225/40 आर 18 आणि मागं 255/35 आर 18. 35 म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या 35 टक्के, म्हणजे जेमतेम 89 मिलीमीटर. चार बोटांपेक्षा थोडं जास्त. खड्डा, रंग न मारलेला स्पीडब्रेकर, ड्रेनेजचं वर आलेलं झाकण, या सगळ्यांचा दणका तेवढ्या रबरानं झेलायचा. दणका बसला की आतले धागे तुटतात आणि तिथं फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही. तो कितीही लहान असला तरी टायर टाकून द्यायचा, स्टेपनीला म्हणूनही ठेवायचा नाही.

रनफ्लॅट सोडा म्हणतो ते याचसाठी. रनफ्लॅटची साईडवॉल आतून जाड आणि ताठ केलेली असते. हवा पूर्ण गेली तरी ताशी 80 च्या आत साधारण 80 किलोमीटर चालतो, आणि हा खरोखर मोठा फायदा आहे. झेड-4 ला स्टेपनी नसते ती त्यामुळेच. पण तो ताठपणा रोज अंगावर येतो. खड्ड्यातला दणका टायर पचवत नाही, सरळ रिमला आणि सस्पेन्शनला देतो. चिरलेल्या, वाकलेल्या रिम आमच्याकडे येतात त्यात रनफ्लॅटवाल्या गाड्या बऱ्याच असतात. हवेविना चालवलेला रनफ्लॅट पंक्चर काढून परत वापरणं धोक्याचं, कारण आतून तो किती भाजलाय हे बाहेरून दिसत नाही. म्हणजे एक खिळा आणि एक टायर गेला. शिवाय तो रिमवर चढवायला टायर दाबून धरणारा जादा हात असलेलं चांगलं मशीन लागतं. साध्या मशीनवर जबरदस्ती केली की टायरची कड फाटते आणि अलॉय खरवडतं.

साधे टायर टाकले की गाडी मऊ होते, पहिले काही दिवस स्टिअरिंग थोडं सैल वाटेल, मग सवय होते. पण मग डिकीत हवेचा छोटा 12 व्होल्टचा पंप, पंक्चरची पट्टी घालायचं किट आणि सीलंटची बाटली ठेवायलाच हवी. टायर प्रेशरचा इशारा देणारी सिस्टीम चालू आहे ना तेही बघून घ्या. साध्या टायरमधली हवा कमी झाली तर ते लवकर कळणं फार महत्त्वाचं. एक अपवाद मी मनापासून सांगतो. घरातलं कोणी ही गाडी रात्री-अपरात्री एकट्यानं टेंभुर्णी-इंदापूर करत पुण्याला नेणार असेल आणि त्यांना रस्त्याकडेला बसून पट्टी घालणं जमणार नसेल, तर रनफ्लॅटच ठेवा. तिथं आरामापेक्षा माणूस मोठा.

रनफ्लॅट ओळखायला साईडवॉलवर बघा: ब्रिजस्टोनला आरएफटी, मिशलिनला झेडपी, काँटिनेंटलला एसएसआर, गुडइयरला आरओएफ अशी अक्षरं असतात. जुन्या मालकानं मिसळ केलेली असू शकते, म्हणून चारही बघा.

दोनच बदलले तर? पुढचे टायर रनफ्लॅट असतील आणि मागं साधे टाकणार असाल तर अजिबात नको. दोन्हींचा ताठपणा वेगळा, वळणावर गाडीचं पुढचं एक बोलतं आणि मागचं दुसरं. पुढचेही साधे असतील, 4 मिलीमीटरच्या वर असतील, जुने नसतील, आणि त्याच कंपनीचे तेच मॉडेल मागं मिळत असेल, तर दोन चालतील. पुढचं-मागचं माप वेगळं असल्यामुळे पुढचे मागं टाकून झीज सारखी करायची सोय तुम्हाला नाही, मागचे नेहमी आधीच संपणार. तेवढा खर्च धरूनच चाला.

कंपनीचं म्हणाल तर मिशलिन पायलट स्पोर्ट 4 च्या दर्जाचा टायर ही माझी पहिली पसंती, कारण ओल्यावर तो विश्वासानं थांबतो. काँटिनेंटल, ब्रिजस्टोनची पोटेंझा, योकोहामाची अ‍ॅडव्हान, पिरेलीची पी झिरो यांतही चांगले टायर आहेत. पण तुमचं मागचं माप रोजच्या खपातलं नाही. 2020 च्या जूनपासून बाहेरून टायर आणायला सरकारी परवाना लागतो, त्यामुळे अशी मापं कधी असतात, कधी महिनोन् महिने नसतात. म्हणून दोन-तीन मॉडेल मनात ठेवून जा. पण एका मॉडेलचे पुढचे आणि दुसऱ्याचे मागचे असा संसार मांडू नका, थांबावं लागलं तरी थांबा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. मागं 90 म्हणजे एका टायरवर 600 किलो. साध्या टायरमध्ये बहुतेक एक्सएल खुणेचा (जास्त वजन पेलणारा) 94 मिळतो, तो 670 किलोचा, तो उत्तम. स्पीडचं अक्षर डब्ल्यू किंवा वाय असू द्या. एवढ्या वेगानं कुणी जाणार नाही, पण त्या टायरची बांधणी उष्णता सोसणारी असते आणि आपल्याकडे तीच कामाला येते.

खड्ड्यांना फारच कंटाळला असाल तर 17 इंची रिमचाही विचार करा. पुढं 225/45 आणि मागं 255/40 आर 17 घेतलं की चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहतो, स्पीडोमीटर बिघडत नाही, आणि साईडवॉल 89 वरून 102 मिलीमीटरवर जाते. फक्त रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, हे एक रिम आधी बसवून, हातानं फिरवून बघा.

पैसे देण्याआधी टायरची जन्मतारीख वाचा. साईडवॉलवर डीओटीनंतर शेवटचे चार आकडे असतात, 2324 म्हणजे 2024 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. हे आकडे एकाच बाजूला असतात, दिसले नाहीत तर टायर उलटा करायला सांगा. वर्षाच्या आतला घ्या. कमी खपाच्या मापात दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल सवलतीत पुढं केला जातो, तो नको. आपल्या उन्हात रबर लवकर कडक होतं, आणि कडक झालेला टायर नक्षी भरपूर असूनही ओल्यावर घसरतो. तुमच्या पुढच्या टायरांनाही हीच कसोटी लावा. पाच-सहा वर्षांचे असतील, साईडवॉलला बारीक भेगा असतील तर खोली कितीही असो, काढून टाका.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं ते. नवे टायर टाकायच्या आधी गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि मागच्या टायरची आतली कड स्वतः खाली उभं राहून बघा. या गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूनं थोडी आत कललेली असतात. बाहेरून टायर बरा दिसतो, नक्षी अर्धी शिल्लक असते. खालून टॉर्च मारली की आतल्या बाजूची दोन बोटं रुंदीची पट्टी गुळगुळीत, तिच्या कडेला रबर सोलवटून निघालेलं आणि त्यातून स्टीलच्या तारा केसांसारख्या बाहेर आलेल्या. हात फिरवाल तर टोचतील. मालकाला काही माहीत नसतं, तो त्याच टायरवर पुणे करून आलेला असतो. नुसत्या कलानं एवढं होत नाही, टो, म्हणजे वरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय तो कोन, बिघडलेला असतो. चाक सरळ न पळता तिरकं घासत जातं आणि आतली कड खाऊन टाकतं. तसं दिसलं तर आधी मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश तपासा, मग चारही चाकांचं अलाइनमेंट करा. फक्त पुढचं करून देतो म्हणणाऱ्याकडून करून घेऊ नका. आधीची आणि नंतरची प्रिंट मागून घ्या. हे न करता महागाचा टायर घातलात तर तोही पहिल्याच वाटेनं जाईल.

हवा पहाटे, गाडी थंड असताना मोजा. किती भरायची ते दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की प्रेशर साधारण दीड पीएसआयनं वाढतं, म्हणून सकाळी 33 असलेला टायर मे महिन्यात दुपारी 38 दाखवेल. तो बरोबर आहे, हवा सोडू नका. सोडली की संध्याकाळी टायर कमी हवेवर चालतो, साईडवॉल जास्त वाकते, जास्त तापते, आणि उन्हाळ्यात हायवेला टायर फुटतात त्यातले बरेच असेच कमी हवेचे असतात. नायट्रोजनवर खर्च करायची गरज नाही, साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे. दर पंधरवड्याला प्रेशर तपासणं त्याहून मोलाचं.

टायर बसले की पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या द्रवाचा अंश वरच्या थरावर असतो, तो जाईपर्यंत नवा टायर घसरतो. चाकाचे बोल्ट एअरगननं करकचून आवळू देऊ नका, टॉर्क रेंचनं 120 न्यूटन मीटरला आवळायला सांगा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत एकदा तपासून घ्या.

तुमच्या पुढच्या टायरांचे डीओटीचे चार आकडे, त्यांची खोली आणि मागच्या टायरच्या आतल्या कडेचा फोटो इथं टाकलात, तर दोन बदलायचे की चार ते नक्की सांगतो.