यंत्रे सहा, मागणारे वीस

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला घरी रक्तदाब मोजण्याची सहा यंत्रे देणगीत मिळाली आहेत आणि मागणारे वीस आहेत. सर्वांत आजारी रुग्णापासून सुरुवात करावी का? (एक आरोग्यसेविका)

उत्तर : नाही, फार आजारी माणसाला रुग्णालय हवे. घरी दिसलेल्या आकड्यामुळे त्याच दिवशी उपचार बदलणार असेल, तिथे यंत्र द्यावे. माझ्या यादीत पहिली येते ती गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढू लागलेली अतिजोखमीची माता, आणि तिच्याच बरोबरीने असा त्रास होऊन नुकतीच बाळंत झालेली बाई, कारण मूल झाले म्हणजे सुटका झाली असे समजून घरचे निर्धास्त होतात, पण झटके (फिट) बाळंतपणानंतरच्या दिवसांतही येऊ शकतात. वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 झाला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजूनही उतरला नाही, तर डोके दुखत नसले तरी 108 ला फोन करायचा, हे यंत्र देतानाच सासूला आणि नवऱ्यालाही सांगावे. वर्षानुवर्षे एकाच गोळीवर स्थिर असलेल्या आजोबांना महिन्यातून एकदा उपकेंद्रात येणे पुरते. ते रुसतील, हे धरून चला.

प्रश्न : स्मार्टफोन नसलेल्या घरी यंत्र देण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आहे, आणि बहुधा तिथेच जास्त. चांगला फोन आणि दारात गाडी असलेल्यांना आधी यंत्र दिले, तर दूरच्या पाड्यावरची बाई पुन्हा मागेच राहते. आकडे वहीत लिहावेत, आशाताईंनी साध्या फोनवर विचारावेत. मात्र ते रोज कोण पाहणार, हे ठरल्याशिवाय यंत्र कपाटाबाहेर काढू नये. देण्यापूर्वी टेपने दंड मोजावा. नेहमीचा पट्टा साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेरासाठी असतो. जाड दंडावर तो आवळून बसवला की रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो आणि घर उगाच घाबरते.

प्रश्न : कोविडकाळातले ऑक्सिमीटर पडून आहेत. ते दम्याच्या जुन्या रुग्णांना वाटू का?

उत्तर : सरसकट नको. तेव्हा रक्तातल्या ऑक्सिजनचा 94 टक्के हा आकडा सर्वांच्या तोंडी बसला. पण फुफ्फुसाच्या काही जुनाट विकारांत डॉक्टर 88 ते 92 हेच लक्ष्य ठेवतात. म्हणून प्रत्येकाचा आकडा डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्यावा. बोट गार नसावे, नखाला मेंदी वा रंग नसावा.

प्रश्न : दिलेले यंत्र परत कसे मागावे?

उत्तर : देतानाच परतीची तारीख सहीसह नोंदवावी; बाळंतिणीसाठी सहा आठवडे धरावेत. प्रतीक्षायादीचे निकष केंद्राच्या भिंतीवर लावले, की ओळखीतून येणाऱ्या फोनला उत्तर देणे सोपे जाते.