व्हीलचेअर तलवारबाजीत दुसऱ्या सत्रापासून हात जड पडतो, कोणता व्यायाम करावा?

तुमचा भाऊ बी गटात फॉइल, म्हणजे हलकी टोचायची तलवार, खेळतो. पाच गुणांच्या साखळी लढती छान काढतो, पण १५ गुणांच्या बाद फेरीत दुसऱ्या सत्रापासून त्याचा तलवारीचा हात जड पडतो, म्हणून दंड-मनगटाचे व्यायाम वाढवायचे का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, व्हीलचेअरवरच्या खेळाडूंबरोबर काम करते. माझ्या मते दंड सध्या राहू द्या. आधी त्याचा दुसरा हात आणि पाठ बघा.

फॉइलचं वजन अर्धा किलोसुद्धा नसतं. नऊ मिनिटांच्या लढतीत तेवढ्या वजनाने हात थकत नाही. थकवतं ते धड. खुर्ची चौकटीत, मधल्या पट्टीशी ११० अंशांत पक्की केलेली असते. जागेवरून उठायचं नाही, पाय ठेवायच्या फळीवरून पाय काढायचे नाहीत. उभा खेळाडू दोन पावलं मागे सरून दम खातो, इथे ती सोय नाही. वार करायचा तर धड पुढे झोकायचं, चुकवायचा तर मागे न्यायचं. बी गटातल्या बऱ्याच खेळाडूंचा बसण्याचा तोल मुळातच कमी असतो, पोटाचे आणि पाठीचे स्नायू बहुतेकदा पुरती साथ देत नाहीत. मग पुढे गेलेलं शरीर परत कोण आणतं? खुर्ची धरलेला हात. पाठीचा रुंद स्नायू आणि दंड मिळून ते ओझं ओढतात, दर वाराला.

शिवाय वारांच्या मधल्या वेळातही तो हात खुर्ची आवळूनच असतो. स्नायू सतत ताणलेला राहिला की त्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि पुरवठा कमी पडतो. हा हात ढिला पडला की धड डुगडुगतं, आणि तलवारीच्या बाजूचा खांदा वार करायचा सोडून तोल सांभाळू लागतो. भावाला जाणवणारा जडपणा बहुधा तिथून येतो.

खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. बाजूने मोबाइलवर लढत चित्रित करा. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात, वारानंतर धड सरळ व्हायला किती वेळ लागतो तेवढंच बघा. तलवारीचं टोक खाली येण्याआधी परतणं मंदावलं असेल, तर दोष हाताचा नाही.

बेबे व्हिओ ही इटलीची खेळाडू याच गटातली. मेंदूज्वराच्या आजारात तिचे दोन्ही हात कोपराखाली आणि पायही गेले. तलवार कृत्रिम हाताला जोडून ती खेळायची आणि रिओ २०१६ व टोकियो या दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये तिने फॉइलचं वैयक्तिक सुवर्ण घेतलं. मनगट नावाची गोष्टच नाही! तिचे वार सगळे खांद्यातून आणि धडातून यायचे. भावाला तिच्या लढती जरूर दाखवा.

सरावात रबरी पट्टा समोर बांधा, खुर्ची पक्की करा आणि पट्ट्याच्या ओढीविरुद्ध पुढून मागे येण्याचा सराव घ्या. दहा-पंधरा सेकंद पूर्ण जोर, मग थांबा. जोरदार वाराला लागणारं इंधन अर्ध्या मिनिटात साधारण निम्मंच भरून येतं, म्हणून सत्रांमधली एक मिनिटाची विश्रांती बडबडीत घालवू नये. पंचांनी ‘हॉल्ट’ म्हटलं की त्याने मूठ उघडून बोटं झटकावीत. ही सवय फुकट आहे आणि फार कमी जण लावून घेतात. डोक्यावर वजन उचलण्याचे प्रकार मात्र कमीच ठेवा. दिवसभर चाकं ढकलणाऱ्या खांद्यांना वेगळा भार नको, मागे ओढण्याचे आणि दंड बाहेर फिरवण्याचे व्यायाम जास्त हवेत.

त्याची दुखापत मणक्याच्या कोणत्या पातळीवर आहे हे तुम्ही लिहिलं नाही. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर नाडीचे ठोके कमी वाढू शकतात, त्यामुळे ठोके मोजून थकवा ठरवू नका, त्यालाच दहापैकी किती दमलास ते विचारा. घामही इजेच्या खाली नीट येत नाही. जाड जॅकेट, मास्क आणि आपला एप्रिल-मे, म्हणजे सरावाला ओला टॉवेल आणि पंखा हवाच. अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला तर सराव तिथेच थांबवा, त्याला ताठ बसवा, लघवीची नळी तुंबली आहे का बघा आणि लगेच डॉक्टर गाठा. पातळी कळवलीत तर व्यायामाचं आठवड्याचं वेळापत्रक लिहून देते.